सळईचं वजन काढताना व्यास कुठला धरायचा? हिशेब आणि काटा जुळत नाहीये

नमस्कार मंडळी,

घराच्या स्लॅबचं स्टील साइटवर येऊन पडलंय आणि वजनाचा मेळ बसत नाहीये. बांधणी सुरू व्हायच्या आत उलगडा व्हावा म्हणून जाणकारांना विचारतोय.

१२ मिमीच्या ४० सळ्या आणि ८ मिमीच्या ६०, सगळ्या १२ मीटर लांब. नेहमीचं सूत्र लावलं: व्यासाचा वर्ग भागिले १६२. १२ मिमीला मीटरमागे ०.८८९ किलो, म्हणजे ४८० मीटरचे ४२७ किलो. ८ मिमीला ०.३९५, म्हणजे ७२० मीटरचे २८४. एकूण ७११. काट्याच्या पावतीवर मात्र ६८०! नग पुन्हा मोजले, लांबीला टेप लावला, दोन्ही बरोबर आहेत.

मग व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) घेतला आणि गोंधळ वाढला. १२ मिमीच्या सळईला रिबवर (सळईच्या अंगावरच्या उंच रेघेवर) धरला की १३ च्या पुढे दाखवतो, दोन रिबांच्या मधे धरला की साडेअकराच्या आसपास. १३ धरले तर मीटरला १.०४ किलो येतात, साडेअकराने ०.८२. यातला खरा व्यास कुठला? आणि हे १६२ गुळगुळीत गोल सळईवरून काढलेलं असेल, तर रिबवाल्या सळईला चालतं का?

खरी काळजी स्लॅबची आहे. डिझाइनमध्ये जेवढं स्टील धरलंय तेवढं आत जाणार आहे का, एवढंच मला कळायला हवंय.

प्रतिसाद १

सूत्रात दोन्ही नाही, नाममात्र व्यास (सळई ज्या मापाच्या नावाने विकतात तो) घालायचा, म्हणजे १२ च. १२ मिमीची सळई म्हणजे १२ मिमीच्या गुळगुळीत सळईइतकं वजन असलेली सळई. रिबांचं स्टील त्यातच मोजलेलं असतं, म्हणून मधला भाग १२ पेक्षा थोडा बारीक भरणारच. व्हर्निअर इथे काही ठरवू शकत नाही, तो बाजूला ठेवा.

१६२ चं म्हणाल तर स्टीलची घनता घनमीटरला ७८५० किलो. १ मिमी व्यासाच्या १ मीटर तारेचं वजन त्यावरून ०.००६१७ किलो येतं, आणि १ भागिले तेवढे म्हणजे १६२. (स्टेनलेसची घनता वेगळी, तिथे हा आकडा वापरू नका.)

आता सूत्र उलटं फिरवा. प्रत्येक मापाच्या वेगवेगळ्या सळ्यांचे बरोबर एकेक मीटरचे तुकडे कापा, टोकं सरळ हवीत. ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून सरासरी काढा. किलोतल्या वजनाला १६२ ने गुणून वर्गमूळ घेतलं की प्रत्यक्ष व्यास मिळतो. दोन्ही मापांचा हिशेब वेगळा ठेवा. एकत्र वजनात एकाची तूट दुसऱ्याच्या पोटात लपते.

प्रतिसाद २

गाडीच्या काट्यावर इतक्या कमी मालाचा निवाडा करू नये. भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा होते, काटा पाच-दहा किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतो, आणि मधल्या वेळात डिझेल कमीजास्त झालं तरी फरक पडतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तुकडे कापून वजन केलं. १२ मिमी सरासरी ०.८७१ किलो, म्हणजे २ टक्के कमी. ८ मिमी मात्र ०.३६२! वर्गमूळ काढलं तर व्यास ७.६६ येतो, ८ टक्क्यांहून जास्त तूट. या आकड्यांनी पूर्ण मालाचं वजन ६७९ किलो येतंय, म्हणजे काटाही बरोबरच होता. हे चालवून घ्यायचं का?

प्रतिसाद १

१२ मिमीची चिंता सोडा, मानकांमध्ये थोडी सूट असतेच. बारीक सळईला ती जाड सळईपेक्षा जास्त मिळते, पण ८ टक्क्यांच्या वर म्हणजे विचारायलाच हवं. मिल सर्टिफिकेटवर (सळई बनवणाऱ्या कारखान्याच्या दाखल्यावर) मानकाचा क्रमांक असेल, त्यातली मर्यादा पाहा आणि तुकडे जपून ठेवा. माल परत करणं शक्य नसेल तर डिझायनरला क्षेत्रफळ सांगा: ८ मिमीला ५०.३ चौरस मिमी हवं, तुमच्याकडे ४६.१ आहे. २०० मिमी अंतराने टाकायच्या सळ्या तेवढंच स्टील भरायला १८० वर घ्याव्या लागतील. हा बदल साइटवर परस्पर करू नका, त्यांच्याकडून ड्रॉइंगवर लिहून घ्या. तोवर ८ मिमीच्या बंडलाला हात लावू देऊ नका.