वडिलांचं न्यूज चॅनल बंद करायचं का?

गिरगावकर:
बाबा रिटायर झाल्यापासून सकाळी सहाला टीव्ही लागतो तो रात्री झोपेपर्यंत, आणि फक्त बातम्या. मे २०२५ मध्ये चॅनलवाले स्टुडिओत सायरन वाजवत होते, कराची बंदर उडवलं म्हणून ओरडत होते, आणि ते सगळं खोटं निघालं. शेवटी गृह खात्याला सांगावं लागलं की सायरनचा आवाज वापरू नका. पण तोवर बाबांनी दोन रात्री जागून काढल्या होत्या. आजही ते तीन-तीनदा उठून कडी बघतात, मला लोकलमध्ये जरा उशीर झाला की चार मिस्ड कॉल. मी केबल काढून टाकणार आहे.

कुर्ला_वेस्ट:
ताई, असं करू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, मी ऑफिसात अडकलो, फोन लागेना, घरी लाइट नाही त्यामुळे टीव्हीही नाही. आई रात्रभर दारात उभी होती, दुसऱ्या दिवशी मी पोचलो तर तिच्या तोंडातून शब्द फुटेना. काहीच न कळणं माणसाला आतून पोखरतं.

दादरची:
ते वेगळं हो. पाणी कुठे भरलंय, गाड्या चालू आहेत का, हे कळायलाच हवं. पण तीच क्लिप पन्नासदा बघून काय नवीन कळतं? २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटानंतर अमेरिकेत अभ्यास झाला, त्यात पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त कव्हरेज बघणाऱ्यांना प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त ताण जाणवत होता. २६/११ ला आपण तीन दिवस ताजची आग बघत बसलो होतो, माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची, पुढे कितीतरी महिने फटाके वाजले की पलंगाखाली जायची. आम्ही गोरेगावला राहायचो, गोळीचा आवाज तिने फक्त टीव्हीवरच ऐकलेला.

कुर्ला_वेस्ट:
मुलांचं मान्य, त्यांच्यासमोर नकोच. पण सत्तरीच्या माणसाच्या हातातला रिमोट काढून घेणं हा अपमान आहे. आणि दिवसभर घरात दुसरा आवाज कुठला असतो त्यांना? तुम्ही सगळे कामावर.

गिरगावकर:
हे मात्र लागलं मनाला. काल केबल नाही काढली, सातला सह्याद्रीच्या बातम्या लावल्या, संपल्यावर बंद केला टीव्ही. बाबा म्हणाले, आता काय करू? मग आम्ही चौपाटीपर्यंत चालत गेलो. पण ते काल, रविवार होता म्हणून जमलं. आज मी ऑफिसात आहे आणि मला माहितीये घरी टीव्ही चालू आहे.