परीक्षा रद्द झाल्यावरचे पहिले आठ दिवस : तुमचे अनुभव

३ मे २०१५ ला एआयपीएमटी, म्हणजे मेडिकल प्रवेशाची देशभरातली परीक्षा दिली. १५ जूनला सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली, २५ जुलैला पुन्हा ठरली. मी लातूरला शिकत होते. पेपर चांगला गेला म्हणून पुस्तकं उदगीरच्या मावसबहिणीला देऊन टाकली होती. बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा एसटीने गेले आणि पोत्यात भरून सगळी परत घेऊन आले. मला काही बोलले नाहीत, पोतं टेबलाशेजारी ठेवलं फक्त.

चार दिवस वाचताना सगळं पाठ वाटायचं, आणि प्रश्न सोडवले की साधी साधी गणितं चुकायची. मग वाचन बंद केलं. रोज सकाळी घड्याळ लावून तीन तासांत १८० प्रश्न, दुपारी फक्त चुकलेले. यानेच गाडी रुळावर आली. पुन्हा गेले तेव्हा पूर्ण बाह्या चालणार नव्हत्या, बूट चालणार नव्हते. आईने आदल्या रात्री कुर्त्याच्या बाह्या कापून शिवल्या.

पेपरफुटी असो, करोना असो की कोर्टाचा निर्णय, तुम्ही ते दिवस कसे काढलेत? निकाल नाही सांगितला तरी चालेल. घरातल्यांनी काय केलं ते नक्की लिहा.

एक आई, ठाणे
अकरावी प्रवेशाची सीईटी २१ ऑगस्ट २०२१ ला होती. १० तारखेला हायकोर्टाने रद्द केली. आमच्या बिल्डिंगमधली मुलं खूश झाली. माझा लेक दोन दिवस जेवला नाही धड. दहावीची परीक्षा झालीच नव्हती, निकालात नववीला निम्मं वजन होतं, आणि नववीत त्याला डेंग्यू झालेला. सीईटी हीच त्याची संधी होती. हे मला त्याने सांगितल्यावर कळलं, याचं आजही वाईट वाटतं. २१ तारखेला मी घरीच शंभर मार्कांचा पेपर काढला, त्याने दोन तास बसून दिला, मामाने तपासला. प्रवेशाला त्याचा उपयोग शून्य. पण रात्री तो पोटभर जेवला.

डॉक्टर, रत्नागिरी
रद्द नव्हे, पुढे ढकललेली. २३ जून २०२४ ची नीट पीजी, डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा. आदल्या रात्री कळलं. मी परगावी लॉजवर, हॉल तिकीट उशाशी. रजा संपलेल्या, म्हणून सोमवारी ड्यूटीवर हजर. ११ ऑगस्टपर्यंत नाइट ड्यूटीत जमेल तेवढं वाचलं. सिनियरने माझ्या तीन रात्री स्वतः केल्या.

२०१५ चीच, सोलापूर
माझा मे महिन्यातला पेपर फार वाईट गेला होता. रद्द झाल्याचं ऐकून मला आनंद झाला, आणि त्याच खोलीत माझी रूममेट भिंतीकडे तोंड करून रडत होती. तिचा पेपर छान गेला होता. मी बाहेर जाऊन आईला फोन केला, हळू आवाजात. पुढचे चाळीस दिवस आम्ही एकाच टेबलावर अभ्यास केला, तिने मला फिजिक्स शिकवलं. त्या फोनबद्दल मी तिला अजून सांगितलेलं नाही.