रिफ्लेक्टेड शून्य, तरी बीम करंट अपुरा: आरएफ आयन सोर्सची पॉवर जाते कुठे?

औंधकर_लॅब:
आर्गॉन आयन सोर्स (रेडिओ फ्रीक्वेन्सी, म्हणजे आरएफ पॉवरने गॅसचा प्लाझ्मा करून त्यातून आयनांचा बीम काढणारा), 13.56 मेगाहर्ट्झ. क्वार्ट्झची नळी, तिच्यावर एसीच्या पाव इंची कॉपर पाइपची 5 वेढ्यांची कॉइल (व्यास 80 मिमी, लांबी 50 मिमी), आतून पाणी 1 लिटर प्रति मिनिट. एल-टाइप मॅचिंग (कॉइलला जनरेटरच्या 50 ओहमशी जुळवणारं कपॅसिटरांचं सर्किट, तेच मॅचबॉक्समध्ये). फॉरवर्ड (जनरेटरने पाठवलेली पॉवर) 500 वॉट, रिफ्लेक्टेड (परत आलेली) 2 वॉटच्या आत. तरी बीम करंट कमी आणि मॅचबॉक्सचं झाकण चांगलंच तापतं. कॉइलवरचं व्होल्टेज, करंट आणि फेज स्कोपवर घेऊन पॉवर काढली, तर दर वेळी वेगळंच उत्तर. प्लाझ्मात नक्की किती जाते, हे मोजायचं कसं?

कॉइलवाला:
रिफ्लेक्टेड शून्य म्हणजे जनरेटर खूश, एवढंच. मॅचबॉक्स, कॉइल आणि आसपासचं लोखंड जे खातं, तेही त्याच 500 वॉटांत येतं.

फेजचा नाद सोडा. तुमच्या कॉइलचा इंडक्टन्स अंदाजे 1.8 मायक्रोहेन्री, म्हणजे 150 ओहमांच्या वर रिॲक्टन्स (पॉवर न खाता करंटला होणारा विरोध). 20 अँपिअरला तीन किलोव्होट, म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट 60 केव्हीएच्या आसपास; खरी पॉवर त्यातला अगदी छोटा भाग. फेज 1 अंशाने चुकला की उत्तर हजार वॉटांनी हलतं! पॉवर मॅचबॉक्सच्या आधी, 50 ओहमच्या बाजूला डायरेक्शनल कपलरने (जाणारी आणि परतणारी पॉवर वेगवेगळी मोजतो तो) घ्या. कॉइलच्या अर्थकडच्या टोकाला करंट मोजायला करंट ट्रान्सफॉर्मर लावा.

आधी गॅस बंद, व्हॅक्यूम नीट खाली, प्लाझ्मा नाही. पुन्हा ट्यून करा, थोडी पॉवर द्या, करंट वाचा. पॉवर भागिले करंटचा वर्ग, हा तोट्याचा रेझिस्टन्स. मग प्लाझ्मा लावून करंट वाचा: करंटचा वर्ग गुणिले तोच रेझिस्टन्स, इतकी पॉवर वाया. दोन्ही वेळा पाणी चालूच ठेवा, तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो.

औंधकर_लॅब:
प्लाझ्माविना: 60 वॉट, 11 अँपिअर आरएमएस. प्लाझ्मासह: 500 वॉट, 20 अँपिअर. म्हणजे 0.5 ओहम, 200 वॉट वाया, एफिशियन्सी 60 टक्के. कॉइलच्या पाण्याचं तापमान जेमतेम 1 अंशाने वाढतं.

सदाशिव_पेठी:
पाण्याचं हे रीडिंग फार कामाचं आहे. 1 लिटर प्रति मिनिटाला 1 अंश म्हणजे 70 वॉट. उरलेले 130 कॉइलमध्ये नाहीतच. हिशोबही तेच सांगतो: या फ्रीक्वेन्सीला करंट तांब्याच्या पृष्ठभागालगतच्या 18 मायक्रॉन थरातच वाहतो, त्यामुळे तुमच्या सव्वा मीटर पाइपचा रेझिस्टन्स 0.06 ओहम. वेढे जवळजवळ असल्याने दुप्पट-तिप्पट धरा. मग 0.5 कुठून आले? कॉइलच्या टोकाला एसएसचा फ्लँज (नळी जोडायची स्टेनलेस चकती) किती जवळ आहे? स्टेनलेसचा पृष्ठभागी रेझिस्टन्स तांब्याच्या सहापट असतो. झाकण तापतंय, तर मॅचबॉक्सही स्टीलचाच दिसतो.

औंधकर_लॅब:
फ्लँज 15 मिमीवर. बॉक्सही पावडर कोटिंगचा स्टीलचाच.

सदाशिव_पेठी:
मग आधी अंतर वाढवा, निदान 40 मिमी, म्हणजे कॉइलच्या त्रिज्येएवढं. जमत नसेल तर फ्लँजवर कॉपरचा पत्रा, 0.2 मिमीसुद्धा पुरे. पण सांधे सोल्डर करा. नुसते एकावर एक ठेवलेत तर एडी करंट (कॉइलच्या क्षेत्रामुळे जवळच्या धातूत फिरणारा करंट) तिथेच अडतो आणि सांधाच तापतो. बॉक्स ॲल्युमिनिअमचा करून घ्या. कॉइल आणि कपॅसिटर यांच्यामधली जोडणी रुंद पट्टीने, वायरने नको. चांदीचं प्लेटिंग सगळ्यात शेवटी. चांदी तांब्यापेक्षा जेमतेम 6 टक्के चांगली कंडक्टर, त्यावर आधी पैसे घालू नका.

कॉइलवाला:
दोन पुरवण्या. एक, 60 टक्के हा आकडा अंदाजच समजा: प्लाझ्मा लागला की कॉइलभोवतीचं क्षेत्र बदलतं, मॅचिंगचे कपॅसिटरही हलतात, त्यामुळे तोट्याचा रेझिस्टन्स तंतोतंत तोच राहत नाही. शिवाय हा हिशोब एच-मोडमध्येच (प्लाझ्मा कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रावर चालतो तेव्हाच) करा. पॉवर वाढवताना करंट एकदम खाली येतो आणि उजेड भडकतो, त्या उडीच्या पुढेच.

दुसरी, कॉइलच्या अर्थकडच्या टोकाला 150 पिकोफॅरड सिरीजमध्ये टाका. व्होल्टेज दोन्ही टोकांना अर्धं-अर्धं वाटलं जातं, कपॅसिटिव्ह कपलिंग (कॉइलच्या व्होल्टेजचा प्लाझ्मावर थेट परिणाम) आणि क्वार्ट्झचं स्पटरिंग (आयनांच्या माऱ्याने झिजणं) दोन्ही घटतं. एक डोअरनॉब (गोल सिरॅमिक हाय-व्होल्टेज कपॅसिटर) 20 अँपिअरला टिकणार नाही. 39 पिकोफॅरडचे चार समांतर लावा. करंट ट्रान्सफॉर्मर तेव्हा कपॅसिटर आणि अर्थ यांच्यामध्ये.