पीएफ काढू की लोन काढू? (सोसायटीच्या ग्रुपवर)

सी-१०१ (सेक्रेटरी): उद्या सकाळी ९ ते १२ टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवा. नंतर फोन करू नये.

ए-३०२: सर्वांना नमस्कार. विषय घरचा आहे, पण इथे बँकेतले, नोकरीवाले सगळेच आहात म्हणून विचारतो. चिरंजीवांना कॅपमधून (सरकारी प्रवेश फेरीतून) नाशिकातच इंजिनिअरिंगची ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स) ब्रँच मिळतेय. त्याला कॉम्प्युटरच हवंय, ते पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून होईल. फी, हॉस्टेल, मेस धरून चार वर्षांचे १८ लाख. ४ लाखांची एफडी आहे. बाकीचे १४ पीएफमधून काढावेत म्हणतो. माझं वय ५२, कंपनीत ५८ ला रिटायरमेंट. फॉर्म ३१ भरू का?

बी-१०२: भरा की! पोरांच्या शिक्षणात हात आखडता घेऊ नये. कमावतो कुणासाठी आपण? उद्या तोच म्हातारपणची काठी होणार.

ए-१०३: त्या काठीला आधी तिचं स्वतःचं घर, गाडी, लग्न बघायचं असतं हो भाऊ.

बी-४०१: मी दोन्ही मुलांच्या वेळी फंडातून पैसे काढले. काही बिघडलं नाही. मुलं मार्गी लागली, अजून काय हवं?

ए-१०३: सर, राग मानू नका, पण तुमचा जीपीएफ (सरकारी नोकरांचा फंड) होता आणि वर जुनी पेन्शन आहे. महागाई भत्ता वाढला की तुमची पेन्शन वाढते. १ नोव्हेंबर २००५ नंतर, म्हणजे जुनी पेन्शन बंद झाल्यावर लागलेल्या एखाद्या शिक्षकाला हाच प्रश्न विचारून बघा. आमचे हे सातपूरला कंपनीत होते. रिटायर झाल्यावर पेन्शनचा पहिला मेसेज आला तेव्हा मी विचारलं, हा हप्ता आहे का? बाकीचा कधी येणार?

बी-४०१: ते खरं आहे वहिनी. आमची गोष्ट वेगळी.

बी-२०४: ए-३०२, थांबा. आधी हिशोब करू. तुम्ही किती साली लागलात नोकरीला?

ए-३०२: १९९८ काका.

बी-२०४: पगार कितीही असो, ईपीएस, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शनसाठी, तो बहुतेकांचा १५ हजारच धरतात. तेही सप्टेंबर २०१४ पासून. त्याआधीच्या सर्व्हिसला मर्यादा साडेसहा हजारांची. पगार गुणिले वर्षं भागिले ७०, असं दोन तुकड्यांत करा. २०१४ पर्यंतची सोळा वर्षं म्हणजे साधारण १,५००. पुढची अठरा म्हणजे ३,८५०. तुमच्या हातात येणार महिना साडेपाच हजारांच्या आसपास. त्यावर महागाई भत्ता नाही. आज ५,५००, तुम्ही ऐंशीचे झालात तरी ५,५००.

ए-३०२: एवढंच? मी पंधरा-वीस तरी धरले होते.

बी-२०४: बरेच जण धरतात. म्हणून तुमची खरी पेन्शन म्हणजे तो पीएफच. आता १४ लाख काढले नाहीत असं समजा. सध्याच्या ८.२५ टक्क्यांनी सहा वर्षांत त्याचे साडेबावीस लाख होतात. ते रिटायर झाल्यावर सिनियर सिटिझन स्कीममध्ये टाकले तर आजच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ४६ हजार, म्हणजे महिना १५ हजारांच्या वर. पुढे दर कमीजास्त होतील. पण फॉर्म ३१ भरलात तर नुसते १४ लाख जात नाहीत, म्हातारपणी दर महिन्याला येणारे हे १५ हजार जातात.

बी-१०२: काका, मग मुलाला कर्जात ढकलायचं का? नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ईएमआय!

सी-३०३: मी बोलू का? माझं स्वतःचं एज्युकेशन लोन होतं, ९ लाख. फेडलं. हप्ते जड गेले, खोटं कशाला बोलू. तीन वर्षं गाडी घेतली नाही, मैत्रिणी ट्रिपला जायच्या तेव्हा घरी बसले. पण आज आई-बाबांना माझ्याकडे पैसे मागावे लागत नाहीत, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. फक्त एक गोष्ट बँकेत कोणी नीट सांगत नाही. बाबा को-अप्लिकंट होते. कोर्स संपल्यावर मला लगेच नोकरी लागली नाही, तेव्हा बँकेचा पहिला फोन बाबांना गेला. हप्ता चुकला असता तर सिबिल (कर्जफेडीची नोंद) दोघांचं बिघडलं असतं.

ए-३०२: म्हणजे लोन मुलाच्या नावावर असलं तरी मान माझीच.

बी-२०४: अगदी. त्यात तुमचा मुलगा पास होऊन हप्ता नसलेलं सवलतीचं वर्ष संपेपर्यंत तुम्ही ५७ चे असाल. १४ लाख, १० टक्के, दहा वर्षं म्हणजे साडेअठरा हजारांचा हप्ता. पंधरा वर्षं घेतलीत तर पंधरा हजार. शिकत असतानाचं व्याज भरलं नाहीत तर मुद्दल आणखी फुगतं. बँक सगळी रक्कम एकदम देत नाही, वर्षाची फी तशी सोडते, आणि व्याज सोडलेल्या रकमेवरच. पहिल्या वर्षी साडेतीन लाखांवर महिना तीन हजारही नाही, चौथ्या वर्षी पावणेबारा हजार. तुमचा पगार चालू आहे तोवर एवढं भरत गेलात तर मुलाच्या अंगावर फुगलेलं मुद्दल पडणार नाही. मला विचाराल तर बापाने उचलायचा भार तो हा. पीएफ नव्हे.

ए-२०१: इन्कम टॅक्समध्ये एज्युकेशन लोनचं व्याज पूर्ण वजा होतं ना?

बी-२०४: होतं, आठ वर्षं, मर्यादा नाही. पण जुन्या रेजिममध्येच. नव्यात शून्य. मुद्दलावर कशातच नाही.

सी-१०१ (सेक्रेटरी): साडेसात लाखांच्या वर बँक बहुधा तारण मागते. फ्लॅट ठेवणार असाल तर सोसायटीची एनओसी लागेल. एनओसीसाठी मेंटेनन्स क्लिअर हवा. कुणाचं नाव घेत नाही.

ए-३०२: घेतलंत की साहेब 😄 सोमवारी भरतो.

बी-१०२: फ्लॅट असताना काळजी कसली? साठीनंतर रिव्हर्स मॉर्गेज करायचं. घरही राहतं, महिन्याला पैसेही येतात.

बी-२०४: आणि तोच फ्लॅट शिक्षणाच्या कर्जात अडकलेला असेल तर? आधी तो सोडवायचा, मग दुसरी बँक. पीएम विद्यालक्ष्मी या सरकारी कर्ज योजनेत तारण-जामीन लागत नाही, पण संस्था यादीत असावी लागते आणि प्रवेश मेरिटवर हवा. मॅनेजमेंट कोट्याला ती दारं बंद.

*हा मेसेज डिलीट केला आहे*

ए-१०३: बी-१०२, काय डिलीट केलंत? आम्ही वाचलं. "सोनं मोडा" हे बायकोला विचारल्याशिवाय ग्रुपवर लिहू नये.

ए-२०१: मला वाटतं सगळे १४ लाख कुठून आणायचे यावरच बोलतोय. १८ लाख लागणारच हे कोणी ठरवलं? नाशिकचं कॅपचं सीट आहे ना हातात? त्याची फी किती?

ए-३०२: सव्वा लाख वर्षाला. घरून जाईल. उत्पन्न ८ लाखांच्या वर आहे, म्हणून शाहू महाराज शिष्यवृत्तीची निम्मी फी माफी बसत नाही.

ए-२०१: म्हणजे चार वर्षांचे पाच लाख, त्यातले चार एफडीत पडलेत. लोनची गरजच नाही जवळजवळ. माझ्या भाचीला तर ओबीसी आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत म्हणून २०२४-२५ पासूनच्या मुलींसाठीच्या नियमाने पूर्ण ट्यूशन फी माफ झाली. तेही कॅपमधून घेतलं म्हणूनच. कोट्यातून घेतलं असतं तर एक रुपया नाही.

बी-१०२: पण ब्रँच? आज कॉम्प्युटर सोडून कोणाला विचारतात?

सी-३०३: माझ्या टीममध्ये तीन जण ई अँड टीसीचे आहेत, एक मेकॅनिकलचा. कॅम्पसला कोडिंग टेस्ट होते, ब्रँच नंतर बघतात. काही कंपन्या बघतात, नाही असं नाही. पण त्या फरकाचे १३ लाख होत नाहीत. त्याला वाटलं तर पुढे एमटेक करेल, तेव्हा स्वतःच्या नावावर लोन काढेल.

ए-३०२: पोरगा रुसलाय. दोन दिवस नीट जेवत नाहीये. त्याच्या मित्राला पुण्याला पाठवलं, आम्ही का नाही, असं म्हणतो. आकडे त्याच्यासमोर कधी मांडलेच नाहीत. पगार किती, पीएफ किती, त्याला काहीच माहीत नाही.

ए-१०३: मांडा. अठरा वर्षांचा आहे, मतदान करतो तो. आमच्या घरी पैशाचं बोलणं दार लावून व्हायचं, मुलांना वाटायचं बाबांकडे भरपूर आहे.

बी-४०१: वहिनींशी सहमत. वर्गात दहावीच्या पोरांना चक्रवाढ व्याज शिकवलं, पण स्वतःच्या मुलांना माझी पगाराची स्लिप कधी दाखवली नाही.

ए-३०२: ठीक. फॉर्म ३१ बाजूला ठेवतो. सीट ॲक्सेप्ट करायची मुदत परवापर्यंत आहे. काका, उद्या संध्याकाळी आलो तर चालेल?

बी-२०४: या, सातनंतर. पीएफचं पासबुक आणि होम लोन असेल तर त्याचं स्टेटमेंट आणा. आणि चिरंजीवांनाही आणा. तुमच्याशी मला काही बोलायचं उरलेलं नाही, त्याच्याशी आहे.

बी-१०२: काका, मीही येऊ का? मुलगी सातवीत आहे, सुकन्या सोडून काहीच नाही.

बी-२०४: या. मॅडमना पण आणा, सोन्याचं त्यांच्यासमोर बोलू.