मदत हवी आहे: क्षेत्रफळाची गणितं गटात दिली की एकच जण सोडवतो, बाकीचे उतरवून घेतात

नमस्कार मंडळी, मी आठवी-नववीला गणित शिकवते, सध्या क्षेत्रफळ चालू आहे आणि चार-चार मुलांचे गट करून गणितं सोडवायला देते. अडचण अशी की ज्याला सूत्र पाठ आहे तो झटपट उत्तर काढून मोकळा होतो आणि बाकीचे तिघं त्याच्या वहीतून उतरवून घेतात. वर्ग शांत, वह्या पूर्ण, आणि दुसऱ्या दिवशी तीच आकृती जरा फिरवून दिली की सगळे अडकतात. समांतरभुज चौकोन आला की तर हमखास पाया गुणिले तिरकी बाजू! उंची म्हणजे लंब, हे तोंडाने सगळे म्हणतात पण हात तिरक्या बाजूकडेच जातो.

एक दिवस मात्र वेगळंच झालं. फळ्यावर एवढंच लिहिलं होतं, चौकोनाच्या चारही बाजू ५ सेमी, क्षेत्रफळ किती? सगळे ओरडले २५. एरवी अजिबात न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण चौरस आहे असं कुठे लिहिलंय?" आणि तिने ६ आणि ८ सेमी कर्णांचा समभुज चौकोन काढला, बाजू बरोब्बर ५, क्षेत्रफळ ६ गुणिले ८ च्या निम्मं म्हणजे २४. वर्गात दोन तट पडले, कोणाचं बरोबर यावर तास संपेपर्यंत वाद. त्या दिवशी कोणी उतरवून घेतलं नाही, कारण उतरवायला एक उत्तरच नव्हतं.

मला हे रोज हवंय. अशी कुठली गणितं देता येतील जिथे चौघांनाही बोलावंच लागेल? आणि हुशार मुलाला गप्प न बसवता बाकीच्यांना कसं ओढायचं? प्लीज सुचवा, परीक्षेचा पोर्शनही पुरा करायचाय हे लक्षात घेऊन.

प्रतिसाद १:
ताई, तुमच्या त्या मुलीचं खरंच कौतुक. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत हेच सांगितलंय, लंब किंवा कर्ण न देता नुसत्या बाजूंवरून चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच. वर्गात नक्की सांगा हे तिचं नाव घेऊन.

आता उपाय. माहिती वाटून द्या. मी चार चिठ्ठ्या करतो, एकीवर "सर्वात मोठी बाजू २५", दुसरीवर "तिला समांतर बाजू ११", तिसरीवर १३, चौथीवर १५. चिठ्ठी दाखवायची नाही, फक्त वाचून सांगायची, म्हणजे आकृती काढायलाच चौघं लागतात. समलंब चौकोनाचं सूत्र सगळ्यांना येतं पण उंची कुठाय? इथे तुमचा पाठांतरवाला पण थांबतो. मग कोणीतरी ११ च्या टोकातून १३ ला समांतर रेघ मारतं आणि आत १३, १४, १५ चा त्रिकोण सापडतो, हीरोच्या सूत्राने (तिन्ही बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ) अर्धपरिमिती २१, क्षेत्रफळ ८४, म्हणून उंची १२. उरलेला समांतरभुज चौकोन ११ गुणिले १२, १३२. एकूण २१६. दुसरा गट दोन लंब टाकतो, १४ चे ५ आणि ९ असे भाग पडतात, पायथागोरसने तीच उंची. मी एकच अट घालतो, दुसऱ्या रीतीनेही २१६ आल्याशिवाय वही बंद करायची नाही.

प्रतिसाद २:
उंचीच्या गोंधळासाठी ठिपक्यांचा कागद वापरून बघा. गटाला पाया ४ एककांचा द्यायचा आणि त्याच्यापासून ३ ओळी वर प्रत्येकाने आपापला शिरोबिंदू हवा तिथे घ्यायचा, अगदी पायाच्या बाहेर गेला तरी चालेल. चौघांचे चार वेगळे त्रिकोण, कोणी कोणाचं उतरवूच शकत नाही, आणि क्षेत्रफळ मात्र सगळ्यांचं ६! बाजू बदलल्या, उंची नाही, हे त्यांचं त्यांनाच दिसतं, आपल्याला घसा कोरडा करावा लागत नाही.

पडताळा म्हणून पिकचं सूत्र द्या (१८९९ चं आहे). शिरोबिंदू ठिपक्यांवरच हवेत. क्षेत्रफळ म्हणजे आतले ठिपके अधिक कडेवरच्या ठिपक्यांचे निम्मे वजा १. पायाच्या डाव्या टोकापासून १ घर उजवीकडे शिरोबिंदू घेतला तर आत ३, कडेवर ८, म्हणजे ३ + ४ − १ = ६. तेच ५ घरं उजवीकडे घेतला तर आत ४ आणि कडेवर ६, तरी ६ च. पोर्शनमध्ये नाही पण ज्याचं गणित कच्चं आहे तो पण ठिपके मोजू शकतो, आणि गटात त्याचं मोजणं सगळ्यांना लागतं.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार! ठिपक्यांचं उद्याच करते. अजून एक विचारू का, मध्यगा त्रिकोणाचे समान क्षेत्रफळाचे दोन भाग करते हे मुलांना पटतच नाही, म्हणतात एक भाग लांबट आणि एक बुटका दिसतो, सारखे कसे?

प्रतिसाद २:
त्याच कागदावर पाया ४ च्या मधल्या ठिपक्यापासून शिरोबिंदूपर्यंत रेघ मारायला सांगा. दोन्ही भागांचा पाया २, उंची तीच ३, म्हणून ३ आणि ३. आकार एकच असायला हवा असं मुलं धरून चालतात, म्हणून आधी "एकरूप आहेत का?" असं विचारा, नाही म्हणतील, मगच क्षेत्रफळ काढायला लावा.

प्रतिसाद १:
आणि फळ्यावर कोण येणार हे आधी सांगू नका. मी आयत्या वेळी गटातल्या कोणाचंही नाव घेतो आणि मार्क चौघांना मिळून देतो. मग हुशार मुलगा स्वतःहून शेजारच्याला विचारतो, "तुला उंची कशी आली ते कळलं ना?"