लहान धंद्याचे निर्णय सिस्टीम डायनॅमिक्सच्या आधारे घ्यावेत का?

खोकीवाला, लोअर परळ

मिठाईची खोकी तयार करण्याचा माझा छोटा कारखाना आहे आणि महिन्याची विक्री साधारण सहा लाखांची. गेल्या वर्षी एका मोठ्या मिठाईवाल्याने महिना दोन लाखांचे जादा काम देऊ केले. ते मी आनंदाने घेतले आणि चार महिन्यांत बोर्डवाल्याचे, म्हणजे खोक्यांचा पुठ्ठा पुरवणाऱ्याचे, पैसे देताना ओढाताण होऊ लागली. विक्री वाढलेली, वहीत नफा दिसतो आहे आणि गल्ला मात्र रिकामा, हे कोडे मला सिस्टीम डायनॅमिक्सने उलगडून दाखवले.

या पद्धतीत धंद्याकडे साठे, प्रवाह आणि त्यांच्यामधला विलंब या नजरेने पाहतात. येणे बाकी हा एक साठा आहे. तो विक्रीने भरतो आणि वसुलीने उपसला जातो. वसुलीला दोन महिने लागत असतील, तर सहा लाखांच्या विक्रीवर बारा लाख कायम बाहेर असतात, आणि विक्री आठ लाखांवर गेली की आणखी चार लाख अडकतात. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील जे फॉरेस्टर यांनी 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत उभी केली, तेव्हा त्यांच्यासमोर जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतील घरगुती उपकरणांच्या कारखान्यांचा प्रश्न होता. तेथे कधी जादा पाळ्या चालवाव्या लागत, तर काही वर्षांनी बऱ्याच कामगारांना घरी बसवावे लागे, आणि व्यवस्थापक त्याचा दोष बाजारातील तेजी-मंदीला देत. फॉरेस्टर यांनी वहीत हाताने आकडेमोड करून दाखवले की मागणी स्थिर धरली, तरी मालाचा साठा व कामगारभरतीविषयीच्या कारखान्याच्या स्वतःच्या नियमांतूनच हे हेलकावे निर्माण होतात. लहान धंदेवाल्यानेही हे शिकून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेबनीस, गिरगाव

मला हे पटत नाही. तुमचे कोडे एखाद्या जुन्या दिवाणजीने बिलाच्या पाठीमागे पेन्सिलीने सोडवले असते, आणि तेही अधिक अचूक. येणे बाकीत तुमचा नफाही मोजलेला असल्यामुळे चार लाख हा आकडाच फुगलेला आहे. दहा टक्के नफा धरला, तर खिशातून गेले ते तीन लाख साठ हजार. बोर्डाचा खर्च विक्रीच्या साठ टक्के असेल आणि बोर्डवाला पंधरा दिवस थांबत असेल, तर त्यातले साठ हजार त्याचे. उरलेले तीन लाख महिना वीस हजारांच्या जादा नफ्यातून भरून यायला पंधरा महिने लागतात. तुमच्या पद्धतीने धंद्याचे मॉडेल मांडले, तर ते यात भर घालते ती आणखी वीस अंदाजांची, आणि रंगीत आलेख समोर आला की माणूस स्वतःच्याच अंदाजाला वस्तुस्थिती मानू लागतो.

खोकीवाला, लोअर परळ

नफ्याची चूक मान्य आहे. मात्र किती रक्कम अडकली हे तुमचे गणित सांगते. त्यानंतर मी काय केले, हे ते सांगत नाही. रोकड कमी पडली म्हणून मी बोर्ड थोडा थोडा घेऊ लागलो, त्यामुळे तो महाग पडला आणि माल उशिरा गेला. माल उशिरा गेला म्हणून मिठाईवाल्याने बिल तीन आठवडे लांबवले, आणि रोकड आणखी आटली. वहीत या चार गोष्टी चार वेगळ्या पानांवर असतात, त्यामुळे त्यांचे वर्तुळ दिसत नाही. ते मांडल्यावर लक्षात आले की ज्या दरासाठी मी वर्षभर घासाघीस केली, त्यापेक्षा वसुली दहा दिवस अलीकडे आणण्याचा परिणाम कितीतरी मोठा होता.

फराळवाली, दादर

मी या साखळीच्या दुसऱ्या टोकाला आहे, म्हणून एक कबुली देते. दिवाळीच्या तोंडावर खोकी कमी पडतील असे वाटले की मी दोन कारखान्यांना ऑर्डर देते आणि ज्याचा माल आधी येईल तो ठेवून दुसऱ्याला नको म्हणून कळवते. एमआयटीमध्ये तयार झालेल्या बिअर गेममध्ये, म्हणजे माल पुरवठ्याची साखळी समजावणाऱ्या खेळामध्ये, असेच काहीसे घडते: गिऱ्हाइकाची मागणी चार पेट्यांवरून आठ पेट्यांवर एकदाच जाते आणि तेथेच राहते, पण दुकानदारापासून कारखान्यापर्यंत प्रत्येक जण घाबरून जादा मागवत गेल्यामुळे ऑर्डरी आधी भरमसाट वाढतात आणि मग कोसळतात. पद्धत मला मोलाची वाटते. परंतु खोकीवाल्यांनी आपल्या मॉडेलमध्ये मागणी म्हणून जे भरले, त्यात माझी घबराट किती, हे त्यांनी तपासले आहे का?

हिशेबनीस, गिरगाव

फराळवाल्या बाईंनी माझे काम सोपे केले. जनरल इलेक्ट्रिकचे ग्राहक असंख्य होते, त्यामुळे मागणीला प्रवाह म्हणता येत होते. येथे आठ लाखांतले दोन लाख एकाच माणसाच्या हाती आहेत. वसुली दहा दिवस अलीकडे आणणे आलेखात सोपे असते. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने खरेदीदाराला लेखी करार असला तरी 45 दिवसांची कमाल मर्यादा घातली आहे, आणि 2023-24 पासून सूक्ष्म व लघु उद्योगांची अशी थकलेली देणी प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून वजा मिळत नाहीत. तरीही त्या मिठाईवाल्यापुढे कायद्याचे कलम ठेवण्याची तुमची हिंमत झाली का? तो दुसऱ्या दिवशी भिवंडीतून माल उचलील, ही भीती कोणत्या साठ्यात मोजणार?

खोकीवाला, लोअर परळ

हिंमत झाली नाही, हे खरे. जोडीच्या ऑर्डरीही मी तपासलेल्या नाहीत. यंदा रद्द झालेल्या ऑर्डरींची वेगळी नोंद ठेवतो आहे. पण तुमच्या प्रश्नावरून काल रात्री तो गिऱ्हाईक मॉडेलमधून काढूनच टाकला. निकालाने मी चकित झालो: पहिले दोन महिने जुनी बाकी येत राहते आणि बोर्ड कमी घ्यावा लागतो, त्यामुळे रोकड उलट वाढते. त्या गिऱ्हाइकाच्या कामासाठी वाढवलेले दोन कामगार या भरवशावर तसेच ठेवले, तर तिसऱ्या महिन्यापासून तूट सुरू होते. धोका सुस्थितीच्या वेषात येतो, हे मला पेन्सिलीने सुचले नसते.

हिशेबनीस, गिरगाव

रागावून गेलेला गिऱ्हाईक आधीची बाकी वेळेवर चुकती करतो, हे गृहीतक कोणत्या मुंबईतले?

खोकीवाला, लोअर परळ

ती चार लाखांची बाकी बुडीत धरून पुन्हा चालवतो. आकडे उद्या येथेच देतो.