मदत हवी आहे: ब्लेड सर्व्हर की हायपरकन्व्हर्ज्ड?

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या एका सहकारी बँकेचं आयटी बघतो. सर्व्हर आणि सॅन स्टोरेज (सर्व्हरना नेटवर्कने जोडलेला वेगळा डेटासाठा), दोन्ही बदलायचंय. सिस्को यूसीएससारखे ब्लेड, म्हणजे एका चौकटीत ओळीने बसणारे पातळ सर्व्हर, घेऊन स्टोरेज वेगळं ठेवावं, की न्यूटानिक्ससारखं हायपरकन्व्हर्ज्ड, म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज सगळं एकत्र?

आमचा डेटा भराभर वाढतो, प्रोसेसरवरचा भार मात्र तेवढाच. एकत्र प्रकारात नोड (गटातला एक सर्व्हर) वाढवला की सहसा प्रोसेसर आणि स्टोरेज दोन्हींचे पैसे जातात. शिवाय डेटाची प्रत दुसऱ्या नोडवर ठेवायची, म्हणजे वापरायला निम्म्याहून कमी जागा. ब्रॉडकॉमने 2023 मध्ये व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची कंपनी) घेतल्यापासून परवान्याचा हिशेबही प्रोसेसरच्या कोअरवर, वर्गणीने.

विक्रेते डेमो छान दाखवतात. मला चालू कामात एक नोड बंद पाडून बघायचाय. रीबिल्ड होताना, म्हणजे बंद नोडवरच्या डेटाची प्रत दुसरीकडे पुन्हा तयार होताना, डेटाबेस किती मंदावतो? खरेदीआधी अशी चाचणी कुणी करून घेतली आहे का? फक्त स्टोरेजचे नोड जोडल्याचा अनुभव असेल तर तोही जरूर सांगा.